मागे एक बाई पाणी मागते

१

तांबळवाडीतली म्हातारी माणसं बोलता बोलता मध्येच ओरडायला लागतात, याचं कुणालाच काही वाटत नाही. भांडण नसतं. ओट्यावर बसून यंदा बांगडा कसा मिळालाच नाही याचं रडगाणं नेहमीच्या सुरात चाललेलं असतं आणि एकदम आवाज टिपेला जातो. बांगडा तोच, रडगाणं तेच, फक्त बोंबलून. मग चढला तसा आवाज उतरतो आणि जणू काही झालंच नाही. वाडीतली पोरं गॅदरिंगला याची नक्कल करून टाळ्या मिळवायची. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळायचं: जहाजाच्या इंजिनापाशी जन्म गेला, कान गेले. वाडीतले निम्मे पुरुष जहाजावर होते, तेव्हा पटण्यासारखंच होतं.

हर्षदलाही पटलं होतं. त्याचे आजोबा काशीराम, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणते, ते जेवताना ओरडायला लागले की तोंडातली शितं समोरच्याच्या ताटात उडायची. हर्षद लहानपणापासून एका हातानं ताट झाकून जेवायला शिकला होता. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून तो मुंबईहून परत आला, त्या रात्री आबा शांतपणे म्हणाले, "शिक्षान सोडलंस ते सोडलंस, वर तोंड करून..." आणि पुढचं "जेवतोस!" त्यांनी असं ओरडून म्हटलं की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. हर्षदच्या ताटात खोबऱ्याचा चघळलेला कीस पडला होता. तो उठून गेला. घरात सगळ्यांना वाटलं, पोराला शब्द लागला. शब्द वगैरे काही नाही, त्याला ओकारी आली होती.

२

आवाजघर, म्हणजे जुन्या कॅसेटींचं संग्रहालय, रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एका बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर आहे. खाली दिवसभर लाद्या फुटतात, मासळीचं पाणी गटारातून वाहतं, आणि तो वास जिन्यानं वर येऊन खोलीत मुक्काम करतो. हर्षदला तिथं नोकरी मिळाली, कारण त्याला मशीन कळायचं आणि तो वास सहन करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

पुण्याच्या योगिनीताईंनी हे काढलं होतं. ऐंशी-नव्वदच्या काळात पुरुष जहाजावर, बायकांना धड लिहिता येत नसे. मग घरातली सगळी टेपरेकॉर्डरपुढे बसून कॅसेट बोलायची, आणि सुट्टी संपवून परत निघालेल्या कुणाच्या तरी सामानातून ती जहाजावर जायची. तिकडून उलट कॅसेट यायची. कोण बाळंत झालं, कुणाची म्हैस आटली, विहिरीला पाणी किती. अशा शेकड्यांनी कॅसेटी ट्रंकांत सडत पडल्या होत्या. "राजेरजवाड्यांचे कागद जपणारे पुष्कळ आहेत," योगिनीताई म्हणायच्या. "या बायका इतिहासात आणखी कुठं सापडणार?"

हर्षदचं काम सांगायला सोपं होतं. शिळ्या भाकरीवर येते तशी पांढरी लव फितीवर आलेली असायची. ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, कॅसेट वाजवून संगणकात उतरवायची, मग तिची नोंद करायची: कोण बोलतं, कशाबद्दल, आणि मागे काय काय ऐकू येतं. कोंबडा, उखळ, गाज, रडणारं मूल. योगिनीताईंचा दंडक असा की आवाजातलं काही गाळायचं नाही आणि ऐकू आलेलं नोंदीत लपवायचं नाही. नोंदी संकेतस्थळावर जायच्या. कुणीही घरबसल्या शोधाव्यात, शनिवारी यावं, ऐकावं.

आणि लोक यायचे. बोलीभाषेवर प्रबंध लिहिणारे यायचे, जहाजी कामगारांचा अभ्यास करणारे यायचे. बुरोंडीच्या गोदूबाई आल्या, कानाला हेडफोन लावून मेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकत बसल्या. तो कॅसेटभर एका शेरडाबद्दल विचारत होता. विकलं की नाही, विकलं तर कुणाला. गोदूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्यानं एकदा तरी माजी चौकशी केलीन काय बघ. परत लाव रे."

हे हर्षदला आवडायचं. या कामात म्हातारे खोटं बोलू शकत नव्हते. कॅसेट बोलायची.

संस्थेचे अध्यक्ष मात्र आबा. तांबळवाडीतून ट्रंका बाहेर काढायच्या तर गावकीचा मानकरी हाताशी हवा, असा योगिनीताईंचा हिशोब. आबा महिन्यातून एकदा यायचे, खुर्चीत बसून चहा बशीत ओतून फुरक्या मारायचे, आणि कॅसेट लागली की जायला उठायचे.

३

ओरडणं कॅसेटीतही होतं.

पहिल्यांदा हर्षदला हसू आलं. आज साठीच्या असलेल्या बाया कॅसेटीत विशीच्या होत्या, नुकती लग्नं झालेल्या, आवाजात पाणी असलेल्या. आणि त्याही मध्येच बोंबलायच्या. "आईंचं गुडघं दुखतंत, बाकी बरं हाय, आनि फनसाला यंदा..." इथून पुढे सगळा फणस किंचाळून. मग पुन्हा लाजत, हळू.

हसू विरलं ते साध्या विचारानं. या बायकांनी जहाज फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. कुठलं इंजिन आणि कसले कान?

संगणकात एकावर एक चढलेले आवाज वेगळे करायची सोय होती. मुळाला धक्का न लावता त्यानं प्रतीवरची त्या फणसवाल्या सुनेची किंकाळी खाली ओढली. खाली समुद्र होता. समुद्राखाली कडी वाजत होती. हलकेच, परक्या दारात वाजवतात तशी. आणि एक बाई म्हणत होती, "वायच पानी देता काय?"

कुणी ओ दिली नाही. फणस चालूच राहिला.

त्यानं दुसऱ्या घराची कॅसेट घेतली. जिथं ओरडणं, तिथं खाली कडी, आणि तीच बाई. तिसऱ्या घरातही तीच. शब्द मागेपुढे नाहीत. आवाज इतका कोरडा की प्रत्येक शब्दाआधी जीभ टाळूपासून सुटल्याचा चिकट 'टच्' ऐकू यायचा. तो 'टच्' त्याच्या कानात इतका बसला की संध्याकाळी घरी कुणी पान खाल्लं तरी तो उठून बाहेर जायचा.

असेल कुणी वेडी, त्यानं स्वतःला बजावलं. प्रत्येक गावात एक असते. पण कॅसेटी एका वर्षाच्या नव्हत्या. बोलणारी माणसं कॅसेटीगणिक वयानं वाढत गेली, पोरं झाली, पोरांचे आवाज फुटले. तिचा आवाज जिथं होता तिथंच होता.

दंडकाप्रमाणे त्यानं नोंद केली: मागे एक बाई पाणी मागते. मग पुढच्या कॅसेटीला तेच. मग तेच तेच लिहून बोटं दुखायला लागली.

४

आबांची स्वतःची एक कॅसेट होती. आजीला पाठवलेली, भर समुद्रात, जहाजाच्या केबिनमध्ये बोललेली. तरुण काशीराम भंडाऱ्याच्या, जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या, डाळीला शिव्या घालत होते. मागे इंजिनाची धडधड. किनारा दिसायला अजून कितीतरी दिवस आहेत, असं ते म्हणाले, आणि मग डाळीवर एकाएकी ओरडायला लागले.

हर्षदनं बराच वेळ बटणाला हात लावला नाही. दुपार होती. खाली कुणीतरी लाद्यांवर भुसा टाकत होतं, शिव्या देत होतं, सगळं जिथल्या तिथं होतं. त्यानं आबांचा आवाज खाली ओढला.

इथं कडी नव्हती. लोखंडी दारावर बोटाची पेरं वाजत होती.

"वायच पानी देता काय?"

त्यानं हेडफोन काढून टेबलावर टाकला. डोकं कामाला लावलं. लोक जुन्या कॅसेटी पुसून परत भरायचे. आधीचं थोडंसं खाली उरतं, वरच्या बोलण्यातून झिरपतं. वाडीत भरलेली कॅसेट आबांनी जहाजावर परत वापरली असणार. झालं. याहून जास्त काही नाही.

लोखंडी दार वाडीत कुठल्या घराला होतं, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारलाच नाही.

५

झिरपायला खाली काही नसेल असं काहीतरी हवं होतं. त्यानं नवा, कोरा रेकॉर्डर घेतला आणि आबांना माडीवर बोलावलं. "तुमची मुलाखत घेतो. अध्यक्षांची तरी हवी ना."

आबा खूश. पुढचा मागचा विचार न करता सुरू झाले. दाभोळच्या खाडीत पहिल्यांदा वल्हं धरलं तिथपासून. मग वादळं, मग कॅप्टन, मग वादळातले कॅप्टन. आणि मग नेहमीसारखा आवाज चढला. आज हर्षद ताट झाकण्यात गुंतला नव्हता, त्यामुळे त्यानं प्रथमच आबांचे डोळे पाहिले. आबा ओरडत होते समोर बघून, आणि बुबुळं दाराकडे सरकली होती. दार उघडं होतं. बाहेर सज्जा, ऊन, वाळत टाकलेलं एक फडकं. कुणी नाही.

त्यानं तिथंच, आबांच्या देखत, मुलाखत संगणकात घातली, आवाज खाली ओढला आणि स्पीकर लावला.

'टच्.' "वायच पानी देता काय?"

कुठंही झिरपल्यासारखं पुसट नव्हतं. खोलीतल्या माणसासारखं, श्वासासकट.

आबांनी बशी खाली ठेवली. "बंद कर."

"कोण आहे ही?"

"कोन नाय."

"आबा, हिला तुम्ही रोज ऐकता. जेवताना ऐकता. सगळी वाडी ऐकते."

"ऐकतो कोन?" आबा चिडले. "आमी वरनं बोलतो."

मग थोडं थोडं करून निघालं, ठुसठुसणाऱ्या गळवातून निघावं तसं. तुळसा तिचं नाव. नवरा समुद्रात गेला, त्याची होडी गावकीनं ठेवून घेतली. ही गावकीला डावलून पोलिसात गेली. म्हणून वाळीत टाकली.

"कुनी बोट लावला नाय तिला," आबा म्हणाले. "मारलं नाय, शिवी दिली नाय. हाकेला ओ द्यायची नाय, पानी-इस्तव द्यायचा नाय, एवढंच ठरलं. तवा ठरायचं तसं."

"आणि?"

"उन्हाळा व्हता. तापानं फणफणली व्हती म्हंतात. दारोदार फिरली. मग गेली."

"तुमच्या दारात आली?"

"माजी कॅसेट चालू व्हती."

"आबा, आली का?"

"बोल्लो ना, कॅसेट चालू व्हती!" आबांनी दातात अडकलेलं काहीतरी नखानं काढलं, डोळ्यांसमोर धरून बघितलं आणि परत तोंडात टाकलं. "त्या सगळ्या पुसून टाक. फिती पन, त्या मशीनमधलं पन आनि तू लिवलंस ते पन. उंद्या येतो मी, माज्यासमोर पूस. नायतर ही माडी बंद. योगिनीबाय पुण्याला हाय, वाडी हितं हाय."

"मी नाही तुमच्यातला," हर्षद म्हणाला. "सडके आहात तुम्ही सगळे."

"व्हय," आबा उठताना म्हणाले. "पन ती बाहेर हाय आनि आमी आत."

६

फोन त्याच संध्याकाळी आला. पालीच्या बाजारात खानावळ चालवणाऱ्या दर्शना म्हणून एक बाई. मागून भांड्यांचा खडखडाट.

"तुमच्या त्या यादीत तांबळवाडीच्या कॅसेटी आहेत ना, त्यातली बाई," त्या म्हणाल्या. "पाणी मागते ती. नाव नाही लिहिलंत तुम्ही. तुळसा आहे का हो ती?"

हर्षदनं समोरची यादी वर सरकवली. नाव खरंच कुठं नव्हतं.

"मी तान्ही असताना मामानं मला पालीला उचलून आणलं. आईचं नाव सोडून नंतर कुणी काही सांगितलं नाही. फोटो नाही, साडी नाही, काही नाही. तुमच्या वाडीत दोनदा येऊन गेले, विचारलं की लोक अंगावर ओरडल्यासारखे बोलतात. मला बाकी काही नको. एकदा आवाज ऐकायचाय. उद्या आले तर चालेल?"

शनिवार नव्हता. पण उद्या आबा पुसायला उभे राहणार होते, आणि जगात त्या बाईचं जेवढं म्हणून उरलं होतं तेवढं सगळं त्या फितींवर आणि त्यांच्या प्रतींत होतं.

"या," हर्षद म्हणाला. "दुपारच्या आत या."

त्या आल्या तेव्हा आबा आधीच खुर्चीत बसले होते. दर्शनाताई ठेंगण्या, हातावर तेलाचे जुने चटके, पदर खोचलेला. आत येताच नाकाला पदर लावला आणि हसल्या. "माझी खानावळ बरी म्हणायची." मग आबांना वाकून नमस्कार केला. आबांनी पाय मागे घेतले.

"ही तुळसाची मुलगी," हर्षदनं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. आबांचा चेहरा बघायला मिळावा म्हणून. आबांचा चेहरा शिजवून गार झालेल्या तांदळाच्या पेजेसारखा झाला, वर साय धरलेली.

त्यानं पहिली कॅसेट लावली, स्पीकरवर. ओरडणं खाली ओढलं.

"वायच पानी देता काय?"

दर्शनाताईंनी नाकावरचा पदर काढला. "परत लाव, बाळा."

त्यानं परत लावली. मग दुसरी, मग जहाजावरची. त्या प्रत्येक वेळी जरा पुढे झुकायच्या, तव्यावरची भाकरी बघावी तशा. रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "कुणीच ओ देत नाही रे."

"नाही."

"एकानंसुद्धा?"

हर्षदनं आबांकडे बघितलं. आबा ओरडायच्या तयारीत तोंड उघडून बसले होते, पण दर्शनाताईंपुढे त्यांना शब्द सुचत नव्हता. हर्षदनं कॅसेट बंद केली. लाद्या, भुसा, शिव्या, खाली सगळं शांत होतं. जेवणाची सुट्टी झाली असणार.

माडीच्या दारावर कडी वाजली.

दार लोटलेलं होतं. कडी आतून होती. बाहेर वाजायला काहीच नव्हतं.

'टच्.' "वायच पानी देता काय?"

"आये," दर्शनाताई उठत म्हणाल्या, अगदी घरातल्यासारख्या, जरा घाईनं. "थांब. देते."

७

कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी तांब्या भरला. हर्षदला वाटलं, अडवावं. मग वाटलं, का अडवावं? याचसाठी तर सगळं होतं. त्यांनी खांद्यानं दार ढकललं आणि त्या सज्जात गेल्या. दार अर्धवट परत आलं.

फटीतून दर्शनाताईंची पाठ दिसत होती, उन्हात. त्यांनी तांब्या पुढे केला. तो घ्यायला जे आलं ते हर्षदनं पाहिलं. सगळं नाही. तांब्याच्या काठावर बोटं, सुकत टाकलेल्या बोंबलासारखी, हाडाला घट्ट वळलेली, उन्हात चकाकणारी. एक नख वाकून काठाच्या आत गेलेलं.

मग पिण्याचा आवाज. घटाघट नव्हे. पाणी घशात न जाता कुठेतरी सांडत होतं आणि सांडलेलंही चाटलं जात होतं. त्यामागोमाग वास आला. मासळीचा वास त्याच्या नाकात कायमचा मुरलेला होता, हा तो नव्हता. वर्षानुवर्षं न धुतलेल्या रिकाम्या माठात तोंड घातल्यावर येईल, तसा कोंदट, गोडूस, शेवाळलेला.

"सावकाश, आये," दर्शनाताई म्हणाल्या. "आहे अजून."

चाटणं थांबलं.

"आत येऊ काय?" तो आवाज म्हणाला. आता ओला होता.

"ये की," दर्शनाताई म्हणाल्या, आणि फटीत, त्यांच्या साडीच्या काठाशेजारी, खाली जमिनीलगत, एक केसाळ ओलं टोक आणि चेहऱ्याची सुरुवात दिसली. कपाळ असावं.

हर्षदनं दार लावलं.

ठरवून लावलं नाही. घशाशी आंबट आलं, हात पुढे गेले आणि कडी बसली. किळस आली की माणूस हात झटकतो, तेवढंच. कडी बसल्याचा आवाज ऐकल्यावर त्याला कळलं की दर्शनाताई बाहेर आहेत.

"शाबास," मागून आबा म्हणाले. हळू, मायेनं. जन्मात त्यांनी नातवाला शाबास म्हटलं नव्हतं.

बाहेरून दारावर थाप पडली.

"हर्षद? अरे, दार कशाला लावलंस?" दर्शनाताईंचाच आवाज, जरासा वैतागलेला, खानावळीत कुणी पंखा बंद केल्यावर निघेल तसा. "उघड. उन्हात उभ्या आहोत आम्ही."

कडी काढायला एक बोट पुरलं असतं. तो कडीसमोर उभा होता. आबा उठून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, त्यांच्या श्वासाला चहाचा आणि जुन्या कवळीचा वास येत होता, आणि हर्षद त्यांच्यापासून दूर सरकला नाही.

"हर्षद," बाहेरून पुन्हा आलं. जरा हळू, जरा समजावत. "बाळा, ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता. त्यानं ओ दिली नाही.